अर्ध्या सेंटाचा वाटेकरी

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत आज भात आणि सोयाबीन होते. १९३३ साली तिथे कापसाचे राज्य होते, आणि कापसाला भाव नव्हता. १९२९ला पौंडामागे सोळा-सतरा सेंट मिळायचे, ते तीन वर्षांत सहा-साडेसहावर आले होते.

रूझवेल्ट सरकारने मे १९३३ मध्ये शेती समायोजन कायदा केला. पीक कमी घ्या, त्याचे पैसे आम्ही देतो, असा सौदा होता. पण तोवर कापूस शेतात उभा होता. त्यामुळे पहिल्या वर्षी सुमारे एक कोटी एकरांवरचा कापूस नांगर घालून मोडला. रोपावर पाय द्यायचा नाही, असे वळण लावलेली खेचरे उभ्या पिकात शिरायला तयार होईनात, असे त्या काळच्या आठवणींत सांगतात.

खरी गोम वाटणीत होती. पुढच्या दोन वर्षांच्या करारात पडीक ठेवलेल्या जमिनीवर एरवी जो कापूस आला असता त्याच्या पौंडामागे साडेतीन सेंट भाडे आणि वर एक सेंट पूरक रक्कम असा हिशोब होता. भाडे सगळे मालकाचे. एक सेंट तेवढा पिकाच्या वाट्याप्रमाणे, म्हणजे निम्म्याने कसणाऱ्याला त्यातला अर्धा. एकूण साडेचारांतले चार मालकाला! सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि घाम दुसऱ्याचा, हे आपल्याकडच्या वाचकाला नव्याने सांगायला नको.

शिवाय जमीन पडीक, तर वाटेकरी कशाला? करारात कुळांची संख्या 'शक्यतो' कायम ठेवा असे म्हटले होते. त्या 'शक्यतो'मधून हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. तक्रार न्यायची ती काउंटीच्या समितीकडे, आणि तिथे बहुतेक ठिकाणी बसलेले मळेवालेच. जुलै १९३४ मध्ये याच काउंटीतल्या टायरॉन्झा गावाजवळ गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन संघटना काढली. त्या काळच्या दक्षिणेत हे धाडसच होते. कुळे कायम ठेवण्याच्या त्या नियमाचा अर्थ वाटेकऱ्यांच्या बाजूने लावणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या सरकारी वकिलांना फेब्रुवारी १९३५ मध्ये कृषी खात्यातून काढून टाकले.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. अनुदान मात्र थांबले नाही. आधी जमिनीची धूप रोखण्याच्या नावाखाली, मग १९३८च्या नव्या कायद्याने ते चालू राहिले. शेतकऱ्यांनी निवडलेल्या काउंटी समित्या आजही आहेत. कर्ज आणि मदत देताना भेदभाव झाला म्हणून काळ्या शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर दावा लावला. १९९९ मध्ये तडजोड झाली आणि पुढे खात्याला शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले.

आता पैसे मिळतात ते कागदावरच्या 'मूळ क्षेत्रा'वर, म्हणजे पूर्वीच्या पेऱ्यावरून त्या पिकाच्या नावे नोंदलेल्या एकरांवर, यंदा काय पेरले यावर नाही. २०१४च्या कायद्याने भाताचा संदर्भ भाव शंभर पौंडांना १४ डॉलर ठरवला, २०२५ मध्ये तो १६.९० झाला. बाजार त्याखाली गेला की मूळ क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर फरक मिळतो. रोख खंडाने दिलेल्या जमिनीवर हे पैसे नियमाने कसणाऱ्याचे, मालकाचे नाहीत. मालकालाही हा हिशोब पाठ असतो. तो पुढच्या करारात खंड वाढवून मागतो.