बायसेक्शुअ‍ॅलिटीबद्दलचे गैरसमज

एकापेक्षा जास्त जेंडरच्या माणसांबद्दल प्रेम किंवा शारीरिक ओढ वाटणं म्हणजे बायसेक्शुअ‍ॅलिटी, बोलताना नुसतं ‘बाय’. मराठीत गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. पेपरात ‘उभयलिंगी’ छापतात, आणि शाळेच्या विज्ञानात उभयलिंगी कोण तर गांडूळ! त्यामुळे बऱ्याच जणांना खरंच वाटतं की हे शरीराचं काहीतरी आहे, दोन्ही अवयव वगैरे. तसं काही नसतं, शरीर कसं आहे, आपण स्वतःला बाई समजतो की पुरुष, आणि आपल्याला कोण आवडतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘उभयलैंगिक’ त्यातल्या त्यात बरा शब्द, पण मुंबईत बोलताना कोणी वापरत नाही, सगळे बायच म्हणतात.

सगळ्यात जुना गैरसमज तळ्यात-मळ्यातचा. म्हणजे हा माणूस कन्फ्यूज आहे, दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे, आज ना उद्या एकीकडे उडी मारेल. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी समलिंगी, बाय आणि कुठलंच लेबल न लावणाऱ्या ७९ बायकांशी १० वर्षं पुन्हा पुन्हा बोलून २००८ साली निष्कर्ष छापले, तर बायपणा ही मधली पायरी आहे असं दिसलं नाही, उलट बाय किंवा बिनलेबलची ओळख सोडणाऱ्यांपेक्षा ती घेणाऱ्या जास्त निघाल्या. पुरुषांचं तर अस्तित्वच नाकारलं गेलं, २००५ च्या एका प्रयोगावरून ‘बाय पुरुष असे नसतातच’ अशी हवा झाली आणि २०२० मध्ये त्याच संशोधकांपैकी काहींनी आधीच्या अभ्यासांमधल्या ५०० च्या आसपास पुरुषांचा डेटा एकत्र करून, असतात, असं लिहिलं. (इतकी वर्षं ज्यांना घरी-दारी खोटारडे म्हटलं त्यांचं काय, ते त्या शोधनिबंधात नाही.) आणि पन्नास-पन्नास टक्के ओढ हवी असाही नियम नाही, अमेरिकन संशोधक किन्सीने १९४८ सालीच ० ते ६ ची पट्टी मांडली होती, ० म्हणजे फक्त विरुद्धलिंगी ओढ आणि ६ म्हणजे फक्त समलिंगी, त्यात मधले आकडे एकमेकांपासून वेगळेच आहेत.

मुंबईतल्या मराठी घरात मात्र खरा घोळ लग्नापाशी होतो. समजा लालबागच्या वन-रूम-किचनमध्ये मुलगी धीर करून सांगते की मी बाय आहे, तर आई रडायचं थांबवून विचारते, म्हणजे मुलगेही आवडतात ना तुला? हो म्हटलं की मावशी सुटकेचा श्वास टाकून म्हणते, अगं मग प्रॉब्लेम काय, मुलगाच बघूया की, आणि रविवारी कांदेपोहे! त्यांना वाटतं बाय म्हणजे चॉइस आहे, भाजी घेताना भेंडी नाही तर गवार. पण कोण आवडावं हे ठरवून होत नाही, आणि या मुलीचा जीव आधीच एखाद्या मैत्रिणीवर जडलेला असू शकतो. त्यात कायदाही मावशीच्याच बाजूने आहे असं म्हणायला हवं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं, तरी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, त्यामुळे याच मुलीचं एक नातं रजिस्टर होतं आणि दुसरं होत नाही.

बरं, तिने मुलाशी लग्न केलं तरी ती बायच राहते. बरोबर कोण उभं आहे त्यावरून माणसाचा शिक्का ठरवायची सवय आपल्याला आहे, नवरा दिसला की ‘झाली नॉर्मल’, गर्लफ्रेंड दिसली की ‘लेस्बियनच होती’. सिंगल असेल तर मग प्रूफ मागतात. दोन्हीकडे रिलेशनशिप झाल्याशिवाय कळतं कसं म्हणे. स्ट्रेट मुलाला पहिली गर्लफ्रेंड मिळण्याआधी हे कोणी विचारत नाही.

‘बाय म्हणजे चीटिंग करणारच, एकाने भागणार कसं’ हेही सर्रास ऐकू येतं. दोन प्रकारची माणसं आवडू शकतात म्हणजे एका वेळी दोन हवीतच असं होत नाही, आणि चीटिंगला स्ट्रेट लोकांनी कधी कमी केलेलं नाही.

गैरसमज फक्त बाहेरच्यांचे नाहीत. गे-लेस्बियन ग्रुपमध्येही ‘हे शेवटी लग्न करून निघून जाणार’ असा टोमणा बसतो. तरी मुंबईत १९९५ साली स्त्री संगम म्हणून सुरू झालेल्या गटाने पुढे घेतलेल्या ‘लेबिया’ (लेस्बियन्स अँड बायसेक्शुअल्स इन अ‍ॅक्शन) या नावातच लेस्बियनसोबत बायसेक्शुअल आहे.

बाय लोकांचा झेंडा १९९८ मध्ये मायकल पेज यांनी केला. वर गुलाबी, खाली निळा आणि मध्ये जांभळा, आणि हा जांभळा मुद्दाम अरुंद ठेवलाय. दोन्हीकडच्या रंगात तो मिसळून जातो, नजरेत येत नाही, तसंच बाय लोकांचं होतं अशी त्यांची कल्पना. प्राइड मोर्चाच्या गर्दीत लांबून बघितलं तर खरंच गुलाबी आणि निळाच दिसतो, पट्टा बघायला जवळ जावं लागतं.