व्हर्च्युअल मशीनवरच्या डिरेक्टरी सर्व्हरचा बॅकअप आणि रिस्टोअर

संस्थेतले युजर, पासवर्ड, ग्रुप, कॉम्प्युटर आणि कोणाला कशाचं अ‍ॅक्सेस आहे ही सगळी माहिती एका जागी ठेवून लॉगिनच्या वेळी उत्तर देणारा सर्व्हर म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर. विंडोज २००० सर्व्हरपासून आलेली मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी सगळ्यात जास्त दिसते, लिनक्सकडे ओपनएलडॅप आणि ३८९ डिरेक्टरी सर्व्हर आहेत. हे सर्व्हर आता बहुतेक ठिकाणी व्हीएमवरच, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवरच चालतात, आणि व्हीएम म्हटलं की एक क्लिक करून स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची अख्खी अवस्था, घ्यायचा, बिघडलं की दुसरी क्लिक करून मागे जायचं ही सवय लागलेली असते. वेब सर्व्हरला ती चालून जाते, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरला, म्हणजे डोमेन कंट्रोलरला (डीसीला) नाही, कारण डीसी एकटा नसतो, त्याचे भाऊबंद त्याने काय काय सांगितलंय ते लक्षात ठेवून बसलेले असतात.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत रीड-ओन्ली सोडले तर प्रत्येक डीसीवर लिहिता येतं आणि बदल रेप्लिकेशनने एकमेकांकडे जातात. प्रत्येक डीसी आपल्याकडच्या प्रत्येक बदलाला चढत्या क्रमाने नंबर देतो, याला यूएसएन म्हणतात, आणि डेटाबेसची ओळख म्हणून एक इन्व्होकेशन आयडी असतो. समजा अ नावाच्या डीसीचा स्नॅपशॉट घेतला तेव्हा यूएसएन ५००० होता, नंतर काम चालू राहून तो ६००० वर गेला, आणि ब या दुसऱ्या डीसीने नोंद ठेवली की अ कडून ६००० पर्यंतचं सगळं मिळालं. आता अ ला स्नॅपशॉटवर मागे नेलं तर तो पुन्हा ५००१ पासून नंबर द्यायला लागतो, नवीन युजर बनवला, पासवर्ड बदलला, सगळं त्याच जुन्या नंबरांवर, आणि ब म्हणतो की ६००० पर्यंतचं तर माझ्याकडे आहेच, पुढचं दे. म्हणजे तो नवा युजर अ वर आहे, ब वर नाही, आणि कधीच जाणार नाही. अ ने ६००० ओलांडलं की रेप्लिकेशन परत सुरळीत दिसायला लागतं, मधला खड्डा मात्र तसाच राहतो. यालाच यूएसएन रोलबॅक म्हणतात. यात आणखी एक वाईट गोष्ट होते: नवीन खात्यांना द्यायचे आरआयडी नंबर डीसीला ५०० च्या गठ्ठ्याने मिळतात, मागे गेलेला डीसी तेच नंबर पुन्हा वाटतो आणि दोन वेगळ्या खात्यांना एकच एसआयडी (खात्याचा ओळख नंबर) मिळू शकतो, म्हणजे एकाला दिलेलं अ‍ॅक्सेस दुसऱ्याला आपोआप.

विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून डीसीला हे स्वतःच ओळखता यायला लागलं. समोरचा डीसी आपल्याकडच्या नंबरापेक्षा मोठा नंबर माहीत असल्याचं सांगतोय हे दिसलं की तो इव्हेंट २०९५ नोंदवतो, रेप्लिकेशन बंद करतो, लॉगिन हाताळणारी नेटलॉगॉन सर्व्हिस पॉज करतो आणि रजिस्ट्रीत 'डीएसए नॉट रायटेबल' नावाची व्हॅल्यू ४ करून ठेवतो. ती व्हॅल्यू काढून टाकली की डीसी चालू होतो म्हणून काही जण तेच करतात. हे अजिबात करू नये, त्याने रोलबॅक जात नाही, फक्त रोलबॅक झालेला डीसी परत लोकांमध्ये मिसळायला मोकळा होतो. अशा डीसीला जबरदस्तीने डिमोट करायचं म्हणजे डीसीपदावरून काढायचं, बाकीच्या डीसीवरून त्याचा मेटाडेटा म्हणजे त्याच्याबद्दलच्या नोंदी साफ करायच्या आणि नव्याने प्रमोट करून डीसी बनवायचं, हाच नेहमीचा रस्ता.

२०१२ मध्ये विंडोज सर्व्हर २०१२ सोबत व्हीएम जनरेशन आयडी आला. हायपरव्हायजर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, व्हीएमला १२८ बिटचा एक नंबर दाखवतो, स्नॅपशॉटवर मागे गेलं किंवा व्हीएमची कॉपी झाली की तो बदलतो. डीसी हा नंबर आपल्या डेटाबेसमध्येही ठेवतो, दोन्ही जुळले नाहीत की नवा इन्व्होकेशन आयडी घेतो, आरआयडीचा गठ्ठा टाकून देतो आणि सिसव्हॉल (पॉलिसी आणि स्क्रिप्टचं सगळ्या डीसींवरचं फोल्डर) दुसऱ्याकडून ओढून घेतो. हायपर-व्ही आणि व्हीएमवेअर दोन्हीकडे ही सोय आहे. पण म्हणून स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप असं समजायचं कारण नाही, स्नॅपशॉटनंतर फक्त त्याच डीसीवर झालेले आणि अजून पुढे न गेलेले बदल गेले ते गेलेच, आणि व्हीएम तशीच ठेवून खालची डिस्क फाइल फक्त जुन्या कॉपीने बदलली तर जनरेशन आयडी बदलत नाही, म्हणजे सगळं संरक्षण बाजूला राहून जुनाच रोलबॅक होतो. शिवाय स्नॅपशॉट त्याच स्टोरेजवर पडलेला असतो, स्टोरेज गेलं की दोन्ही गेलं.

खरा बॅकअप म्हणजे सिस्टम स्टेटचा बॅकअप. त्यात एनटीडीएस.डीआयटी हा डेटाबेस, त्याचे लॉग, सिसव्हॉल, रजिस्ट्री, बूट फाइल्स हे सगळं येतं, विंडोजमध्ये डब्ल्यूबीअ‍ॅडमिन या टूलने घेता येतं. व्हीएमच्या पातळीवर बॅकअप घेणारं सॉफ्टवेअरही चालतं, अट एवढीच की त्याने आतल्या व्हीएसएसला (विंडोजची बॅकअपसाठीची सर्व्हिस) सांगून डेटाबेस शांत करून बॅकअप घ्यायला हवा. असा बॅकअप रिस्टोअर केला की डीसीला कळतं की आपण रिस्टोअर झालोय, तो इन्व्होकेशन आयडी बदलतो आणि बाकीचे त्याला नव्याने ऐकायला लागतात.

बॅकअपलाही वय असतं. डिलीट झालेली ऑब्जेक्ट काही दिवस टूमस्टोन (डिलीट झाल्याची खूण) म्हणून राहतात, २००३ सर्व्हिस पॅक १ किंवा नंतर बनवलेल्या फॉरेस्टमध्ये, म्हणजे संस्थेच्या सगळ्या डोमेनच्या समूहात, हा काळ १८० दिवस, त्याआधीच्यांमध्ये ६० दिवस, आणि फॉरेस्ट जुना असेल तर सर्व्हर कितीही अपग्रेड केले तरी ६० च राहिलेला असू शकतो, एकदा बघून घ्यावं. त्याहून जुना बॅकअप लावला तर सगळ्यांनी विसरलेली खाती परत उगवतात.

रिस्टोअर दोन प्रकारचं. नॉन-ऑथॉरिटेटिव्हमध्ये डीसी जुना डेटा घेऊन उठतो आणि बाकीच्यांकडून पुढचं शिकून घेतो. पण कोणी अख्खं ओयू (खाती ठेवायचा विभाग) डिलीट केलं असेल तर याचा उपयोग नाही, कारण परत आलेल्या डीसीला बाकीचे सांगतात की ते ओयू डिलीट झालंय आणि तोही निमूटपणे डिलीट करतो. तिथे ऑथॉरिटेटिव्ह लागतं: डीएसआरएम या रिस्टोअरसाठीच्या खास मोडमध्ये बूट करायचं, बॅकअप लावायचा, आणि रीबूट करायच्या आधी एनटीडीएसयूटिल या टूलमध्ये त्या ओयूला ऑथॉरिटेटिव्ह म्हणून मार्क करायचं. हे टूल त्या ऑब्जेक्टचा व्हर्जन नंबर बॅकअपनंतरच्या दर दिवसामागे १,००,००० ने वाढवतं, त्यामुळे सगळीकडे तेच जिंकतं. या मोडचा पासवर्ड डोमेनचा नसतो, प्रमोट करताना एकदा टाकलेला असतो आणि नेमका गरज पडते तेव्हा कोणालाच आठवत नाही, सर्व्हर चालू असताना एनटीडीएसयूटिलनेच तो बदलून ठेवता येतो. २००८ आर२ पासून रिसायकल बिन आहे, ते आधीच चालू केलेलं असेल तर डिलीट झालेल्या खात्यासाठी यातलं काहीच करावं लागत नाही.

आणि बाकीचे डीसी ठणठणीत असतील आणि एकच पडला असेल तर रिस्टोअरच्या नादी न लागता नवीन व्हीएम उभी करून प्रमोट केलेली बरी, डेटा रेप्लिकेशनने येतोच. त्याच्याकडे एफएसएमओचे रोल (एका वेळी एकाच डीसीकडे असणारी खास कामं) असतील तेवढे दुसऱ्याने सीझ करायचे म्हणजे जबरदस्तीने घ्यायचे, आणि मग जुनी व्हीएम चुकूनही परत चालू करायची नाही.

सगळेच डीसी गेले तर मात्र फॉरेस्ट रिकव्हरी, म्हणजे अख्खं फॉरेस्ट बॅकअपवरून परत उभं करणं. जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात मर्स्क या शिपिंग कंपनीचं असंच झालं होतं, घानामधला एक डीसी हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे बंद होता म्हणून वाचला आणि त्याच्यावरून सगळं परत उभं राहिलं. यात प्रत्येक डोमेनचा एकच डीसी, नेटवर्कपासून तोडून रिस्टोअर करतात, सिसव्हॉल ऑथॉरिटेटिव्ह करतात, सगळे रोल त्याच्याकडे घेतात, आरआयडी पूल १,००,००० ने पुढे ढकलतात, केआरबीटीजीटी या लॉगिनची तिकिटं सही करणाऱ्या खात्याचा पासवर्ड दोनदा बदलतात आणि मगच बाकीचे डीसी नव्याने बनवतात.

व्हीएममुळे येणारी वेगळी कटकटही असते. हायपरव्हायजर स्वतःच त्या डोमेनमध्ये असेल आणि डीसी त्याच्यावरच्या व्हीएममध्ये, तर सगळं बंद पडल्यावर होस्टला लॉगिन करायला डीसी पाहिजे आणि डीसी चालू करायला होस्ट पाहिजे, डीएनएसचंही तेच, म्हणून होस्टचं लोकल खातं आणि बॅकअप सर्व्हरचं डोमेनबाहेरचं खातं हाताशी हवंच. वेळेचंही बघावं लागतं: केर्बेरॉस ही लॉगिनची पद्धत साधारण ५ मिनिटांपर्यंतच फरक चालवून घेतो, आणि व्हीएम होस्टकडून वेळ घेतेय, होस्ट डोमेनकडून, असं चक्र झालं तर सगळेच हळूहळू भरकटतात.

ओपनएलडॅपमध्ये प्रकरण बरंच साधं आहे. स्लॅपकॅट कमांडने डेटा एलडीआयएफ या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये काढायचा, एमडीबी बॅकएंड (डेटा ठेवायचा प्रकार) असेल तर सर्व्हर चालू असतानाही चालतं, आणि कॉन्फिगचा डेटाबेस वेगळा काढायला विसरायचं नाही. परत भरताना सर्व्हर बंद करून रिकाम्या डेटाबेसमध्ये स्लॅपअ‍ॅड कमांड चालवायची. ती रूट (मुख्य अ‍ॅडमिन युजर) म्हणून चालवली तर फाइल्सची मालकी रूटकडे जाते आणि सर्व्हर उठत नाही, तेव्हा चाऊन कमांडने ती एलडॅप युजरला परत द्यावी लागते.