मोटर पाणी ओढत नाही

दर मे महिन्यात कोकणातल्या आमच्या घरी एकच तक्रार असते: मोटर फिरते, आवाजही नेहमीसारखा येतो, पण पाणी चढत नाही. मग कुणी व्होल्टेजला दोष देतो, कुणी जास्त हॉर्सपॉवरची मोटर घ्यायला सांगतो आणि दृष्ट लागली म्हणून पंपावर लिंबू-मिरची टांगलेलीही मी पाहिली आहे. पुष्कळदा दोष असतो तो विहिरीत, पाण्यातून पंपापर्यंत येणाऱ्या सक्शन पाइपच्या खालच्या टोकाला बसवलेल्या फुटव्हॉल्व्हमध्ये. खेड्यापाड्यांत त्याला सर्रास 'फुटबॉल' म्हणतात.

पाणी दोरीसारखे ओढून वर घेता येत नाही. पंप फक्त पाइपातला दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाब देणारी हवा. हवेचा हा दाब सुमारे 76 सेंटिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो, हे 1643 सालच्या, इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीच्या प्रयोगात दिसले. पारा पाण्याच्या 13.6 पट जड असल्याने समुद्रसपाटीला पाण्याचा स्तंभ फार तर 10.3 मीटर चढतो आणि पुण्याच्या उंचीवर त्याहून अर्धा-पाऊण मीटर कमीच. घर्षण वगैरे वजा जाता, पाणी सहा-सात मीटरच्या खाली गेले की काठावरच्या पंपाचा भरवसा धरू नये, मग मोटर कितीही हॉर्सपॉवरची असो.

पण पाणी चार मीटरवर असतानाही पंप हटून बसतो, त्याचे कारण मला फार विलक्षण वाटते. घरगुती पंपातला पंखा पाण्याला गरगर फिरवून कडेला फेकतो आणि त्यातून मिळणारी चढण्याची उंची मुख्यतः पंख्याच्या कडेच्या वेगावर ठरते. आत फिरणारा पदार्थ जड आहे की हलका, याचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून पाण्याला 20 मीटर चढवणारा पंप, आत हवा शिरली तर हवेलाही 20 मीटरच चढवेल. मात्र हवा पाण्यापेक्षा आठशेपटींहून अधिक हलकी असल्याने 20 मीटर हवेचा दाब जेमतेम अडीच सेंटिमीटर पाण्याएवढा भरतो. म्हणजे कोरडा पंप पूर्ण वेगाने फिरूनही विहिरीतले पाणी पाइपात अडीच सेंटिमीटरच वर आणतो! त्यामुळे सुरू होण्याआधीच पंप आणि सक्शन पाइप पाण्याने भरलेला असावा लागतो, आणि तो भरलेला ठेवणे एवढ्यासाठीच फुटव्हॉल्व्ह आहे.

त्याची रचना साधी आहे: खाली जाळी, आत वर उघडणारी झडप आणि झडपेला चामड्याचा किंवा रबराचा वायसर. पंप चालू असताना पाणी झडप उचलून आत शिरते. पंप थांबला की वरच्या पाण्याचे वजनच तिला घट्ट मिटवते. वाळूचा एक कण कडेखाली अडकला तरी रात्रभरात पाइप रिकामा होतो. अशा वेळी पंपात शेणकाला ओतण्याची जुनी युक्ती आहे आणि ती चालते, कारण शेणातले तंतू फटीत जाऊन बसतात. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत मात्र ती कदापि करू नये.

दोष नेमका कुठे आहे हे ओळखता येते. मोटर बंद करून पंपावरचा पाणी भरायचा नट उघडावा, काठोकाठ पाणी ओतावे आणि पाहत राहावे. पातळी उतरत असेल आणि पंप व पाइपचे सांधे कोरडे असतील तर फुटव्हॉल्व्ह गळतो आहे. सांधा ओला दिसला तर पंप चालताना हवा तिथूनच आत शिरते. पाणी नसताना मोटर चालवत राहू नये, कारण पंपाच्या सीलला थंड ठेवणारे पाणीच नसल्याने ते जळते.

यंदा आम्ही पाइप वर काढला तेव्हा जाळी शेवाळाने निम्मी बुजली होती आणि वायसरची एक कड कुरतडल्यासारखी झिजली होती. जाळी ब्रशने घासली, झडपेची बैठक पुसली, नवा वायसर बसवला आणि गाळ आत येऊ नये म्हणून पाइप तळापासून हातभर वर राहील असा बांधला. संध्याकाळी पाणी भरून नट लावला. सकाळी उघडला तेव्हा पाणी काठाला होते.