बर्फाचं जहाज वितळलं म्हणून बारगळलं?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं बर्फाची विमानवाहू नौका बांधली, ती उन्हात वितळली आणि सगळ्यांचं हसं झालं, असा किस्सा वर्षानुवर्षं फिरतो आहे. ऐकायला झकास, पण खोटा.

मुळात ती नौका बांधलीच गेली नाही. ब्रिटिश संशोधक जेफ्री पाइक यांची अटलांटिकच्या मधोमध विमानांसाठी तरंगता तळ उभारायची ही 'हबक्कुक' योजना कागदावर मात्र अवाढव्य होती: लांबी सुमारे 600 मीटर, वजन वीस लाख टनांहून जास्त. प्रत्यक्षात 1943 मध्ये कॅनडातल्या पॅट्रिशिया तलावात सुमारे 60 फूट लांबीचा नमुना तेवढा तयार झाला. तो छोट्या शीतयंत्रानं गोठलेला राहिला. काम थांबल्यावर यंत्रं काढून घेतली, तरी तो पुरता विरघळायला बराच काळ गेला!

नौकेसाठी साधा बर्फ नव्हे, पाइक्रीट वापरायचं ठरलं होतं. त्यात सुमारे 14 टक्के लाकडाचा लगदा आणि बाकी पाणी. ते साध्या बर्फापेक्षा कितीतरी चिवट आणि सावकाश वितळणारं. खरी अडचण शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झ यांच्या प्रयोगांत दिसली. स्वतःच्या वजनाखाली पाइक्रीट हळूहळू वाकतं. ते रोखायला उणे 16 अंशांच्या आसपास थंडावा हवा, म्हणजे प्रचंड शीतयंत्रणा, उष्णतारोधक वेष्टन आणि भरपूर पोलाद. पोलाद वाचवायला काढलेली योजनाच पोलाद खाऊ लागली.

तोवर लांब पल्ल्याची विमानं आली, पोर्तुगालनं अझोर्स बेटांवरचे तळ वापरू दिले, लहान विमानवाहू नौकाही वाढल्या. अटलांटिकच्या मधोमध तरंगता तळ हवा, ही निकडच उरली नाही.