जलपर्णी विष 'खाते', पण पचवत नाही

कंबर तलावावर जलपर्णी पसरली की सोलापुरात कुणीतरी हमखास म्हणतं, "राहू द्या, ती पाण्यातलं विष खाते." अर्धंच खरं. शिसं, कॅडमियम ती शोषते, बहुतेक मुळांतच साठवते. पण धातू कुजून नाहीसे होत नाहीत; झाड सडलं की ते पुन्हा पाण्यात, तळाच्या गाळात.

समुद्रकिनारी संशोधक याच गुणाचा उपयोग पाण्यातल्या धातूंच्या तपासणीसाठी करतात. उल्वा, सरगॅसमसारखी समुद्रशेवाळं पाण्यात विरघळलेले धातू साठवत राहतात, गाळात वर्षानुवर्षांचे थर सापडतात. बाटलीभर पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. बारीक गाळ धातू जास्त धरतो, वाळू कमी; म्हणून बऱ्याचदा ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून चाळूनच तुलना होते.

आणि उपटलेली जलपर्णी काठावरच टाकली, तर पावसाबरोबर त्यातले धातू परत तलावात.