पिसवा कुत्र्यावर कमी, घरात जास्त

पावसाळा लागला की इंदूरात कुत्री पाळणाऱ्यांकडे एकच तक्रार सुरू होते, औषध घातलं, आंघोळ घातली, पट्टा पण बांधला तरी पिसवा जातच नाहीयेत, म्हणजे औषध नकली असणार नाहीतर डॉक्टरला काही कळत नसणार. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. औषध आपलं काम करत असतं, पण आपण ते फक्त कुत्र्याला घातलेलं असतं आणि खरा साठा असतो दिवाणाखाली, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात आणि ज्या गोधडीवर शेरू दुपारी ताणून देतो त्या गोधडीत.

व्हेटर्नरी डॉक्टर एक ढोबळ हिशोब सांगतात तो आधी लक्षात घ्या. पिसवांचा प्रादुर्भाव झालेल्या घरात मोठ्या, चावणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण ५ टक्केच असतात, बाकीच्या ९५ टक्क्यांत निम्मी अंडी, मग अळ्या, मग कोष, आणि हे सगळं कुत्र्याच्या अंगावर नसतंच, घरात पसरलेलं असतं. म्हणजे कुत्र्याच्या पोटावर तुम्हाला पाच दिसल्या तर घरात अजून शंभराच्या आसपास काहीतरी वाढतंय असं धरून चाला.

असं का होतं ते पिसूच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं. पिसू कुत्र्याच्या अंगावर आली की काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक दोन दिवसांत अंडी द्यायला लागते, रोजची ४०-५० सुद्धा. अंडी अर्ध्या मिलिमीटरची, पांढरी, आणि महत्त्वाचं म्हणजे गुळगुळीत, केसांना चिकटत नाहीत. उवांची लीख केसाला घट्ट बसते तसं इथे नाही. कुत्रा उठला, अंग झटकलं, सोफ्यावर उडी मारली की अंडी गळतात, त्यामुळे जिथे कुत्रा जास्त वेळ झोपतो तिथेच सगळ्यात जास्त अंडी सापडणार, हे शोधायला काही वेगळं डोकं लावायला नको.

दोन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघते. तिला डोळे नसतात पण उजेड कळतो आणि ती उजेडापासून लांब, खाली खाली जाते, गादीच्या शिवणीत, सतरंजीच्या तळाशी, कोटा फरशीच्या सांध्यात. ती रक्त पीत नाही. मग खाते काय? तर मोठी पिसू रोज स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त पिते (मादीच्या बाबतीत १५ पट मोजलंय) आणि त्यातलं बरंचसं अर्धवट पचलेलं तसंच बाहेर टाकते, ते वाळून काळ्या कणांसारखं खाली पडतं, आणि तेच या अळ्यांचं जेवण. म्हणजे अंडी पण वरून पडतात आणि त्यांची शिदोरीही वरूनच पडते. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच थक्क व्हायला झालं होतं, इतकी चोख व्यवस्था.

हेच काळे कण तुमच्या तपासणीच्या कामाचे आहेत. काळ्या किंवा दाट केसांच्या कुत्र्यावर पिसू दिसणं अवघड, ती चपटी असते आणि केसांतून सुसाट पळते. तेव्हा बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या वरचा भाग, कंबर आणि पोट नीट विंचरा आणि जे निघेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा टिश्यूवर झटका. कण विरघळून लालसर-तपकिरी डाग पडला तर ते रक्त, म्हणजे पिसवा आहेत. डाग नाही पडला तर नुसती धूळ. फणीत जिवंत पिसू आली तर साबणाच्या पाण्यात बुडवायची, साध्या पाण्यात ती पटकन बुडत नाही, साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो म्हणून बुडते.

आता इंदूरच्या हवेचं. अळीला दमट हवा लागते, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती वाळून मरते आणि ३५ अंशांच्या वर तापमान टिकून राहिलं तरी तिला झेपत नाही. मे महिन्यात माळव्यात पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, तेव्हा उन्हात पडलेली अळी जगत नाही. जुलै ते ऑक्टोबर मात्र तिच्यासाठी सगळं जमून येतं, ऊबही आणि ओलही. रामबाग, मल्हारगंजकडच्या जुन्या घरांत जिन्याखाली, ओट्याच्या कोपऱ्यात, जिथे ऊन कधी पोचतच नाही आणि गल्लीतली कुत्री पण येऊन बसतात, तिथे तर विचारूच नका. उघड्या अंगणात, भर उन्हाच्या जागी औषध मारत बसू नका, तिथे अळ्या नसतातच. सावलीची ओलसर माती, गाडीखालची जागा, कुंड्यांच्या मागचा भाग बघा.

यानंतरची अवस्था म्हणजे कोष, आणि सगळे लोक हरतात ते इथेच. अळी रेशमासारखा चिकट कोष विणते, त्याला लगेच धूळ-केस चिकटतात, त्यामुळे तो दिसत नाही, झाडूने निघत नाही आणि फवारलेलं औषधही आत नीट जात नाही. आत तयार झालेली पिसू लगेच बाहेर येईलच असं नाही. बाहेर कुणी नसेल तर ती कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा थांबते, आणि मग पावलांची थरथर, अंगाची ऊब, दाब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की काही सेकंदांत बाहेर. म्हणूनच गणपतीला सगळे पुण्याला जाऊन आले, कुत्रा पाहुण्यांकडे ठेवला होता, घर बंद होतं, आणि कुलूप उघडून आत पाय ठेवल्याबरोबर पायांवर पिसवा चढल्या असं होतं. कुठून बाहेरून आल्या नाहीत, तुमची वाटच पाहत होत्या.

आणि म्हणूनच औषध घातल्यावरही दोन-तीन आठवडे, जास्त झालं असेल तर दीड-दोन महिनेसुद्धा, कुत्र्यावर नव्या पिसवा दिसत राहतात. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात. त्या औषध घातलेल्या कुत्र्यावर येतात आणि अंडी द्यायच्या आत मरतात, आणि असंच हळूहळू घरातला साठा संपतो. या काळात औषध बंद करणं किंवा दर आठवड्याला नवीन औषध बदलणं हे सगळ्यात वाईट. निदान तीन महिने न चुकता चालू ठेवायचं, एकही पिसू दिसत नसली तरी.

कुत्र्यासाठी औषधं मुख्यतः दोन प्रकारची मिळतात. मानेच्या मागे कातडीवर घालायचे थेंब, त्यात फिप्रोनिल वगैरे असतं, ते कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं, म्हणून घालायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, नाहीतर पैसे पाण्यात. दुसरं म्हणजे खायची गोळी, अफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर, फ्लुरालॅनर या गटातली, पिसूने चावा घेतला की रक्तातून औषध तिच्यात जाऊन तिच्या नसांचं काम बिघडतं. यातल्या पहिल्या दोन गोळ्या साधारण महिनाभर चालतात, फ्लुरालॅनर १२ आठवडे. कुत्र्याला फिट येत असतील तर ही गोळी डॉक्टरला सांगितल्याशिवाय देऊ नका, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१८ ला याच गटाबद्दल तशी सूचना काढली होती. डोस वजनावर असतो, म्हणून मेडिकलमध्ये जाऊन "भैया, पिस्सू की दवाई दे दो" असं करू नका, आधी वजन करा. आणि अगदी लहान पिल्लांना यातलं काहीच मनाने देऊ नका, त्यांच्यासाठी फणी आणि सौम्य साबणाची आंघोळ.

घरात मांजर पण असेल तर हे वाचाच. कुत्र्यांच्या काही थेंबांत आणि बऱ्याच पावडरींत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला ते चालतं पण मांजरीच्या लिव्हरला ते नीट मोडता येत नाही, तिला झटके येतात आणि जीवही जातो. रॉकेल चोळणं, तंबाखूचं पाणी, लसूण खाऊ घालणं हे सगळं कुत्र्याला विषारी आहे, कितीही जुन्या माणसाने सांगितलं तरी करू नका. कडुनिंबाच्या पाण्याने नुकसान फारसं नाही पण त्याच्या भरवशावर प्रादुर्भाव जात नाही. गॅमेक्सिन म्हणून जी पावडर पूर्वी घराघरांत भुरभुरवायचे त्या बीएचसीवर देशात १९९७ पासून बंदी आहे, कुठे जुना डबा पडला असेल तर वापरू नका.

आता घर. व्हॅक्युम क्लीनर असेल तर सगळ्यात चांगलं, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या २००७ च्या अभ्यासात गालिच्यावरच्या मोठ्या पिसवांपैकी ९६ टक्के पिसवा व्हॅक्युममध्ये मेल्या आणि लहान अवस्थेतल्या तर सगळ्याच. शिवाय त्याच्या थरथरीने कोष फुटतात ते वेगळंच, आणि ते आपल्याला हवंच आहे. गाद्यांच्या शिवणी, सोफ्याच्या फटी, दिवाणाखाली, सुरुवातीला रोज. व्हॅक्युम नसेल तर दिवाण उचलून झाडणं, मग ओला पोछा, फरशीच्या सांध्यात ब्रश. कुत्र्याची गोधडी, चादरी, पायपुसणी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, निदान ६० अंश, आणि मग गच्चीवर उन्हात. पावसाळ्यात ऊन नाही हे मला माहीत आहे, मग इस्त्री तरी फिरवा.

फवारणी करायचीच असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला एक विचारा, यात किड्यांची वाढ थांबवणारं औषध आहे का, मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन. या औषधांमागची गोष्ट मला फार आवडते. १९६० च्या दशकात कारेल स्लामा नावाचा शास्त्रज्ञ प्रागहून हार्वर्डला कॅरोल विल्यम्सकडे आला आणि सोबत आणलेले लाल ढेकणासारखे किडे तिथे मोठेच होईनात, अळीचे अळीच राहायचे आणि मरायचे. खूप शोधल्यावर सापडलं की डब्यात घातलेल्या अमेरिकन कागदात गडबड आहे, तो ज्या बाल्सम फर झाडाचा होता त्यात किड्यांच्या बाल-हार्मोनसारखा पदार्थ होता. किड्याच्या अंगात हे हार्मोन संपल्याशिवाय तो प्रौढ होत नाही. मेथोप्रीन त्याच हार्मोनची नक्कल आहे, अंडं फुटत नाही, अळीची पिसू होत नाही. माणसाच्या अंगात हे हार्मोन नसल्यामुळे साध्या कीटकनाशकापेक्षा हे घरात कितीतरी बरं. मात्र तयार कोषांवर याचाही उपयोग नाही, तिथे परत व्हॅक्युम आणि धीर.

प्लेगची भीती बऱ्याच जणांना वाटते. १८९८ ला कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवरच्या पिसूमुळे प्लेग पसरतो हे दाखवलं, पण ती उंदरांची पिसू वेगळी, आपल्या कुत्र्यांवर सहसा असते ती मांजर-पिसू किंवा तिची जवळची बहीण. इंदूरला मात्र प्लेगच्या उंदराची मिरवणूकसुद्धा निघालेली आहे. होळकर दरबाराने नगररचनेसाठी बोलावलेल्या पॅट्रिक गेडिसने दिवाळीच्या मिरवणुकीत अंगभर किडे वळवळणारा भलामोठा प्लेगचा उंदीर फिरवला होता आणि मिरवणूक कोणत्या रस्त्यांनी जाणार हे त्या भागांनी किती सफाई केली त्यावर ठरवलं. त्याचा इंदूरवरचा अहवाल १९१८ ला आला. शंभर वर्षांपूर्वीही त्या माणसाने औषधाच्या आधी घर आणि गल्लीच साफ करायला लावली हे मला फार मोलाचं वाटतं.

कुत्र्याच्या पिसवांमुळे खरा त्रास होतो तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे ॲलर्जी, काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची इतकी ॲलर्जी असते की थोड्याशा चाव्यांनीही शेपटीच्या वरचे केस जाऊन कातडी लाल होते, अशा वेळी डॉक्टरकडे न्या किंवा जवळपास नसेल तर महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला. दुसरं म्हणजे चपटा जंत, पिसूची अळी त्याची अंडी गिळते, मग ती पिसू होते, कुत्रा खाजवताना तिला खातो आणि जंत पोटात. शेपटीखाली किंवा शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले की हेच समजा. लहान मुलांच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यांनाही होतो. याला प्राझिक्वान्टेल असलेलं जंताचं औषध लागतं, आणि ते पिसवांच्या औषधासोबतच द्यायचं, नुसतं जंताचं दिलं आणि पिसवा तशाच राहिल्या तर जंत परत येतो.