डिजिटल माध्यमे आणि डावे राजकारण : मुंबईतील अभ्यासक्षेत्र

डावे पक्ष, कामगार संघटना आणि शेतकरी सभा आपले म्हणणे मोबाइल-इंटरनेटवरून कसे मांडतात आणि ही माध्यमे खासगी कंपन्यांच्या मालकीची असल्याने त्या मांडणीवर काय परिणाम होतो, हे तपासणारे अध्यापन-संशोधनाचे क्षेत्र. राज्यशास्त्र आणि जनसंज्ञापन यांच्या सीमेवर ते येते. अभ्यासकाच्या बऱ्याचशा अडचणीही याच सीमेवरच्या.

मुंबईत हा अभ्यास कागदापासूनच सुरू करावा लागतो. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२२ मध्ये ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक इथूनच काढले. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने लावणी-पोवाड्यांतून राजकारण चाळीचाळीत नेले. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तशी गेटसभा आणि गेटवर पत्रके वाटण्याची जागाही गेली. आजचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्या जागेची भरपाई किती करतो, हा इथल्या अभ्यासाचा गाभा.

सिद्धांताच्या बाजूने कॅनडाचे माध्यम-अभ्यासक डलास स्माइथ यांची १९७७ ची मांडणी अजून उपयोगी पडते: जाहिरातदाराला विकला जाणारा माल म्हणजे खुद्द प्रेक्षक. भांडवलशाहीविरुद्ध पोस्ट टाकणाराही त्यातून सुटत नाही. मात्र एवढेच पुन्हा सांगणारे लेख पुष्कळ झाले आहेत. खरे काम सामग्रीत आहे.

छापील पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण असते. १८६७ च्या कायद्याने ते बंधनकारक केले होते, त्यामुळे जुन्या पत्रकाचा माग लागतो. फॉरवर्ड झालेल्या चित्राला असा तळ नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की फाइल लहान केली जाते आणि त्यातली वेळ-स्थळाची नोंद पुसली जाते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘आयएमजी-२०१८०३१२-डब्ल्यूए०००७’ अशा नावाची फाइल दिसते. त्यातली तारीख फोटो त्या फोनवर आल्याची असते, काढल्याची नव्हे. नवखे संशोधक इथे हमखास फसतात. म्हणून प्रत्येक नगासोबत तो कोणाकडून, कोणत्या दिवशी मिळाला आणि पाठवणाऱ्याला कुठून आला, ही नोंद हातानेच ठेवावी. संदेश आपोआप पुसण्याची सोय ग्रुपमध्ये २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावता येते. ती चालू आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

मराठी मजकुराची वेगळीच डोकेदुखी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये ‘संप’ शोधला तर काहीच सापडत नाही, कारण आत युनिकोड (अक्षरांसाठीची सर्वमान्य संगणकी संकेतप्रणाली) नसतो. रूपांतर केले की रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून मूळ पानाशी ताडून पाहावे. ‘लाल बावटा’ व ‘लालबावटा’, ‘कॉ.’ व ‘कॉम्रेड’ अशी सगळी रूपे स्वतंत्रपणे शोधावीत.

नेहमी दिले जाणारे उदाहरण मार्च २०१८ च्या किसान लाँग मार्चचे. अखिल भारतीय किसान सभेचा हा मोर्चा ६ मार्चला नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानात पोहोचला. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा सोमय्या मैदानातून रात्रीच चालण्यात आला. सोललेल्या तळव्यांचे फोटो देशभर फिरले. पण हॅशटॅग मोजून मोर्चा हॅशटॅगमुळे भरला असे म्हणता येत नाही. शहरातली सहानुभूती फोनवरून पसरली हे खरे. चालणारे मात्र गावोगावच्या सभांतून आले होते. या दोन गोष्टींची गल्लत हा या क्षेत्रातला सर्वांत महाग दोष.

संमतीबाबतही चूक सोपी आहे. ॲडमिनने होकार दिला म्हणजे सगळ्या सदस्यांनी दिला असे होत नाही. कंत्राटी कामगाराचा नंबर किंवा आवाज ओळखला गेला तर त्याचे काम जाऊ शकते. नंबर खोडावेत आणि नावांची किल्ली, म्हणजे कोणती नोंद कोणाची याची यादी, वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवावी.

नोकरीच्या वाटेवर नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) ज्या विषयात उत्तीर्ण, त्याच विभागाची जाहिरात बहुधा उपयोगाची ठरते; म्हणून राज्यशास्त्र की जनसंज्ञापन, हे आधीच ठरवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि साधारणपणे कमाल ६ वर्षे मिळतात. तेवढ्यात माध्यमच हातचे जाऊ शकते. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली आणि त्यावरचे कामगारांचे व्हिडिओ भारतातून दिसेनासे झाले. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना पोस्ट मोठ्या प्रमाणात मोफत उतरवून घेण्याची वाट बंद केली. फेसबुकवरील पोस्टचा माग काढणारे क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झाले. म्हणून प्रबंधाचा आराखडा एकाच प्लॅटफॉर्मवर बेतू नये. सामग्री मिळेल त्याच आठवड्यात दोन ठिकाणी उतरवावी आणि, सदस्यांची हरकत नसेल तर, नंबर खोडलेली एक प्रत संघटनेच्या कचेरीतही ठेवावी.